आवाजाच्या लहरींनी मेंदूतल्या खोल भागापर्यंत पोचणं : फोकस्ड अल्ट्रासाऊंड आणि मानसिक आजार

प्रोबवाला_मिरज :
नमस्कार मंडळी. मी मिरजेचा, सोनोग्राफी मशीनची सर्व्हिसिंग करतो, सांगली-सातारा पट्ट्यातली बरीच सेंटर्स माझ्याकडं आहेत. सध्या आमच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय, 'आता डिप्रेशन सोनोग्राफीनं बरं होणार, गोळ्या बंद', आणि माझा धंदा माहीत असल्यानं सगळे मलाच फोन करतायत. माझ्या चुलतभावाला बऱ्याच वर्षांपासून डिप्रेशन आहे, औषधं बदलून बदलून झाली, काकू तर म्हणाली तुझ्या ओळखीच्या सेंटरवर नेऊन बघूया का रे. तिला नाही म्हणालो, पण नुसतं नाही म्हणून फोन ठेवणं बरोबर वाटेना, कारण फॉरवर्ड चुकीचं असलं तरी त्यामागचं संशोधन खरं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. वाचून काढलं ते इथं लिहितोय, जाणकारांनी भर घालावी.

पहिली गोष्ट, पोटाची सोनोग्राफी करतो त्या मशीननं हे होत नाही. आपला कन्व्हेक्स प्रोब २ ते ५ मेगाहर्ट्झवर चालतो आणि तो आवाज कवटीच्या हाडावर आदळला की बराचसा परत फिरतो, उरलेला हाडातच जिरतो. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते तोवर तिथं प्रोब ठेवून मेंदू बघता येतो, एनआयसीयूत हे रोज चालतं, पण टाळू भरली की ती सोय संपली. मोठ्या माणसात कानशिलापाशी हाड पातळ असतं, तिथून २ मेगाहर्ट्झचा डॉपलर लावून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा प्रवाह मोजतात, काही जणांत तिथंही सिग्नल मिळत नाही, वयस्कर बायकांत जास्त.

मग मेंदूसाठी काय करतात तर फ्रिक्वेन्सी खाली आणतात, साधारण २५० ते ६५० किलोहर्ट्झ. ५०० किलोहर्ट्झला लहरीची लांबी ३ मिलिमीटर पडते, म्हणजे नेम काही मिलिमीटरचा बसू शकतो. भिंगानं ऊन एका ठिपक्यावर आणतो तशा वेगवेगळ्या बाजूंनी सोडलेल्या लहरी एकाच ठिकाणी गाठ घालतात, वाटेतल्या भागाला जाणवेल असं काही होत नाही, गाठ पडते तिथंच जोर येतो. अडचण कवटीची, प्रत्येकाची वेगळी, एकाच माणसाची पण कुठं जाड कुठं पातळ, आणि हाडात आवाज मऊ भागापेक्षा जवळपास दुप्पट वेगानं पळतो त्यामुळं लहरी मागंपुढं होऊन नेम सरकतो. म्हणून आधी त्या माणसाचा सीटी किंवा एमआरआय घेऊन कॉम्प्युटरवर हिशोब करतात की लहर सोडणाऱ्या कुठल्या क्रिस्टलनं किती उशिरा सुरू व्हायचं. केसात हवा अडकली तर तेवढ्यानं पण सिग्नल जातो, जेल थापून भांग पाडून बसवावं लागतं. सोनोग्राफीवाले समजतील मी काय म्हणतोय ते.

कमी ताकदीच्या लहरींनी पेशी जळत नाही, तापत पण नाही म्हणावी इतकी. पेशीच्या आवरणात काही दारं असतात जी ताण पडला की उघडतात, त्यातून कॅल्शियम आत येतं आणि न्यूरॉन चेतवला जातो किंवा दबतो, कसे पल्स देता त्यावर आहे. पूर्ण उलगडा अजून व्हायचाय.

आता मला हे एवढं का महत्त्वाचं वाटतं. डिप्रेशन, भीती, ओसीडी, व्यसन या सगळ्यात ज्या जागांची नावं येतात त्या खोल आहेत. चुंबकाची टीएमएस ट्रीटमेंट पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच नेमकी चालते. खोल जायचं तर कवटीला भोक पाडून तार घालायची, डीबीएस, ती किती जणांना घालणार. आणि खोल जागांबद्दल आजवर आपल्याला जे कळलं ते बरंचसं स्कॅनमधून, की उदास माणसाचा अमुक भाग जास्त पेटलेला दिसतो. पण तो भाग पेटतो म्हणून माणूस उदास आहे का उदास आहे म्हणून तो भाग पेटतो, हे स्कॅन सांगू शकत नाही. त्यासाठी तो भाग थोडा वेळ हलवून बघावा लागतो, आणि परत होता तसा झाला पाहिजे. धडधाकट जिवंत माणसात, न कापता, खोलवर आणि परत फिरवता येईल असं हे करायचं दुसरं साधन आजवर जवळपास नव्हतं. म्हणून माझं मत असं की हे आधी प्रश्न विचारायचं साधन आहे, उपचार त्यातून पुढं निघतील. फॉरवर्डवाल्यांनी नेमकं उलटं केलंय.

सातारची_आई :
दादा खूप छान लिहिलंय, मला अर्धं कळलं पण जे कळलं ते नीट कळलं. माझ्या मुलाला ओसीडी आहे, अकरावीपासून, हात धुणं अंघोळ दार तपासणं, टाकी रिकामी होईपर्यंत नळ सोडून उभा असायचा आणि हात इतके फाटायचे की रक्त यायचं, त्यात सासरकडच्यांनी आधी देवऋषाकडं नेलं, अंगारा झाला, उतारा झाला, ते सगळं होऊन मग डॉक्टरांकडं आलो, त्यात जी वर्षं गेली त्याचं मला आजही वाईट वाटतं. आता गोळ्या आणि थेरपीनं पुष्कळ फरक आहे पण पूर्ण नाही. मी कुठंतरी वाचलं की कोरियात ओसीडीसाठी अल्ट्रासाऊंडनं मेंदूतला भाग जाळतात. हे तेच का? ऐकूनच अंगावर काटा आला.

प्रोबवाला_मिरज :
ताई, ते वेगळं. मशीनचं घराणं एक, काम वेगळं. ताकद वाढवली की गाठ पडलेल्या ठिकाणी तापमान ५५-६० अंशांच्या घरात जातं आणि तेवढा ठिपका कायमचा मरतो. डोक्यावर १०२४ क्रिस्टलचं हेल्मेट, डोकं पूर्ण भादरलेलं, फ्रेममध्ये घट्ट बसवलेलं, कवटी तापू नये म्हणून गार पाणी फिरतं, आणि हे सगळं एमआरआयच्या आत कारण तापमान एमआरआयवर बघत बघत वाढवायचं असतं. हात थरथरण्याच्या आजारासाठी अमेरिकेच्या एफडीएनं याला २०१६ मध्ये मान्यता दिली. कोरियातल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये ओसीडीचे चारच पेशंट छापले होते, ज्यांच्यावर बाकी सगळे उपाय थकले होते असे. तिथं जाळलेलं परत येत नाही. मी धाग्यात लिहिलंय ते कमी ताकदीचं, काही मिनिटांचं, परिणाम ओसरणारं.

निवृत्त_गुरुजी_कराड :
लेख आवडला, शाळेत विज्ञान शिकवत होतो त्यामुळे आवाजाचा भाग मनापासून वाचला. पण एक शंका स्पष्ट विचारतो. माझ्या आयुष्यात चुंबकाचे पट्टे, तांब्याची कडी, किरणांचं पाणी असं बरंच येऊन गेलं आणि प्रत्येकानं 'मला गुण आला' म्हणणारी माणसं दाखवली, आणि ती माणसं खोटं बोलत नव्हती. उदास माणसाला मोठ्या दवाखान्यात नेलं, मोठ्या यंत्राखाली बसवलं, चार शहाणी माणसं त्याच्याशी आपुलकीनं बोलली तर त्याला बरं वाटणारच. मग गुण यंत्राचा का आपुलकीचा हे तुमचे शास्त्रज्ञ कसं ओळखतात?

वाळव्याचा_पोरगा :
गुरुजी हा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं झालं कारण या क्षेत्रात काम करणारे सगळे याच प्रश्नाशी झटतायत. मी मूळ वाळवा तालुक्यातला, सध्या परदेशात अकूस्टिक्समध्ये पीएचडी करतोय, माझा विषय थेट हा नाही पण शेजारच्या लॅबचा आहे, जर्नल क्लबला आम्ही एकत्र बसतो.

२०१८ मध्ये न्यूरॉन या जर्नलमध्ये एकाच वेळी दोन पेपर आले आणि त्यांनी सगळ्यांची झोप उडवली. उंदीर आणि गिनीपिगच्या मेंदूवर अल्ट्रासाऊंड मारला की मेंदूचे भाग चेतवले जातात असं दिसत होतं, या दोन टीमनी दाखवलं की त्यातला मोठा हिस्सा थेट परिणाम नव्हताच, त्या प्राण्यांना पल्सचा आवाज कानानं ऐकू जात होता! अल्ट्रासाऊंड आपल्याला ऐकू येत नाही हे खरं पण तो चालू-बंद चालू-बंद करतात त्या ठेक्याचा आवाज हाडातून कानाच्या आतल्या भागापर्यंत जातो. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच, परिणाम खरा, कारण भलतंच. त्यानंतर प्रयोगांची पद्धत बदलली, आता पल्सच्या कडा गुळगुळीत करतात म्हणजे टिकटिक कमी होते, हेडफोनवर झाकणारा आवाज लावतात, आणि शॅम ठेवतात म्हणजे सगळं तसंच फक्त लहर पोचत नाही. त्याहून चांगली तुलना म्हणजे लहर खरी पण नेम दुसऱ्याच जागेवर. पेशंटला कळत नाही, मोजणाऱ्यालाही कळत नाही.

आणि या नियमाशिवाय काय होतं त्याचं उदाहरण या क्षेत्राच्या बाहेरचं पण अगदी जवळचं आहे. २००५ मध्ये टोरांटोत हेलन मेबर्ग यांच्या टीमनं अतिशय जुनाट डिप्रेशनच्या ६ पेशंटांच्या मेंदूत तारा घातल्या, भुवयांच्या मध्ये पण आत खोल असलेल्या सबकॅलोसल सिंग्युलेट नावाच्या भागात, त्यातले ४ टिकाऊ सुधारले, जगभर बातमी झाली. नंतर ९० जणांवर मोठी ट्रायल झाली, सगळ्यांना तारा घातल्या पण काहींच्या सहा महिने बंदच ठेवल्या, आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. आता याचा अर्थ ती जागा चुकीची असा होत नाही, कारण पुढं लांबच्या काळात बरेच जण सुधारले, कदाचित वेळ कमी पडला, कदाचित प्रत्येकाचा नेम वेगळा लागतो. पण तार एकदा घातली की हलवता येत नाही, अल्ट्रासाऊंडचा नेम आज इथं उद्या तिथं करता येतो. धागाकर्त्यानं जे लिहिलंय की हे प्रश्न विचारायचं साधन, ते मला या जागी सगळ्यात पटतं.

अजून एक सांगायचा मोह आवरत नाही. १९५८ मध्ये इलिनॉयमध्ये विल्यम फ्राय आणि सहकाऱ्यांनी मांजरांवर प्रयोग केला होता, डोळ्याकडून येणारा संदेश मेंदूत जिथं थांबून पुढं जातो त्या लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लिअसवर अल्ट्रासाऊंड सोडला, डोळ्यावर प्रकाश टाकल्यावर मेंदूत उठणारा सिग्नल दबला आणि काही वेळानं आपोआप परत आला. परत आला हे महत्त्वाचं. आणि २०२५ मध्ये लंडनच्या यूसीएल आणि ऑक्सफर्डच्या लोकांनी २५६ क्रिस्टलचं नवं हेल्मेट बनवून ७ निरोगी माणसांवर नेम धरला तो याच जागेवर! डोळ्यासमोर चौकड्यांचा पट दाखवत असताना लहर दिली तर मागच्या दृष्टीच्या भागात हालचाल वाढली, आणि दुसऱ्या प्रकारचे पल्स दिले तर ती कमी झाली ती निदान ४० मिनिटं कमीच राहिली. हीच जागा का, तर तिथं उत्तर तपासता येतं, दिसणं मोजता येतं, उदासी तशी मोजता येत नाही. आधी मोजता येईल अशा जागी यंत्र खरं करून घ्यायचं आणि मग भावनांच्या जागांकडं वळायचं, हा क्रम मला फार आवडला.

निवृत्त_गुरुजी_कराड :
समाधान झालं. मांजर ते माणूस, सदुसष्ट वर्षं. वर्गात असतो तर हे मुलांना सांगितलं असतं.

द्राक्षबाग_तासगाव :
राम राम. मी शिकलेला कमी पण धागा दोनदा वाचला. आमच्याकडं बागायतदाराचं तुम्हाला माहितीच आहे, अवकाळीनं घड कुजलं की वर्षाचं सगळं गेलं, कर्ज तसंच, आमचा थोरला भाऊ त्यातच दारूला लागला तो लागलाच. दोनदा सोडली परत धरली, मानूस चांगला आहे ओ, लेकरांवर जीव आहे पण संध्याकाळ झाली की त्याच्या हातात राहत न्हाई. वर व्यसनाचं नाव आलं म्हणून विचारतो, दारूला काय उपेग हाय का याचा?

वाळव्याचा_पोरगा :
काका, व्यसनावर काम झालंय पण फार थोडं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात अली रेझाई नावाचे न्यूरोसर्जन आहेत, त्यांनी न्यूक्लिअस अक्युम्बेन्स नावाच्या खोल जागेवर नेम धरला. हवीहवीशी वाटणारी गोष्ट दिसली की ओढ लावणारी जागा ती. अफूजन्य अंमली पदार्थांचं जबर व्यसन असलेल्या ८ जणांचा त्यांचा अभ्यास आहे, तल्लफ बरीच कमी झाली, पण आठच माणसं आणि तुलनेला शॅम गट नाही. गुरुजींचा प्रश्न तिथं तसाच उभा आहे. त्यामुळं आज दादांसाठी याच्यावर विसंबू नका.

डॉ_ओपीडी :
मी मनोविकारतज्ज्ञ आहे, सांगलीत प्रॅक्टिस करते. तासगावच्या काकांना आधी उत्तर देते. 'हातात राहत नाही' हे तुम्ही अगदी बरोबर लिहिलंत, तो आजारच आहे, चांगल्या माणसालाही होतो. दारूसाठी तल्लफ कमी करणारी औषधं आज आपल्याकडे मिळतात आणि बऱ्याच जणांना त्यांचा उपयोग होतो. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम घरच्या घरी बंद करू नये, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. साताऱ्यात परिवर्तन संस्थेचं व्यसनमुक्ती केंद्र आहे, नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं. शिवाय दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, म्हणजे एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस) च्या मीटिंगची चौकशी करा. दोनदा सोडलीय म्हणजे तिसऱ्यांदाही सोडता येते, परत धरणं हे या आजारात होतंच, त्यावरून त्यांना नावं ठेवू नका.

आता धाग्याच्या विषयावर. मला या संशोधनाची मनापासून उत्सुकता आहे. २०२५ मध्ये टेक्सासमधून आलेला अमिग्डलावरचा पेपर मी बारकाईनं वाचला. अमिग्डला म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर असलेली छोटी गाठ, भीती आणि धोका ओळखण्याच्या कामात तिचा मोठा वाटा. डिप्रेशन, चिंता, मोठ्या आघातानंतरचा त्रास अशा २९ जणांचा अभ्यास, डाव्या अमिग्डलावर एमआरआय बघत नेम. आधी एकेकदा खरी आणि एकेकदा शॅम देऊन पाहिलं, कुणाला कळू न देता, आणि खऱ्या वेळी अमिग्डलाची हालचाल खरोखर कमी झाली. हा भाग भक्कम आहे. मग तीन आठवडे रोज दिली आणि लक्षणं बरीच उतरली, पण या टप्प्यात शॅम नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं की खरी ट्रीटमेंट चालू आहे. म्हणजे 'जागेपर्यंत पोचतो का' याचं उत्तर मिळालं, 'त्यानं आजार बरा होतो का' याचं अजून यायचंय. माझ्या पेशंटांना मी हे असंच सांगते.

मला जास्त काळजी दुसरीच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निमहॅन्सनं दाखवलं की आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. माझ्या ओपीडीत जत-आटपाडीकडून माणसं येतात ती कित्येकदा आजार जुना झाल्यावर, मधली वर्षं बाहेरचं आहे म्हणून बघण्यात गेलेली असतात, साताऱ्याच्या ताईंनी लिहिलंय तसं. आणि असा एखादा माणूस दोन महिने गोळ्यांनी सावरला की कुणीतरी फॉरवर्ड पाठवतं आणि तो गोळ्या बंद करतो. कृपया हे करू नका. चुलतभावाच्या बाबतीत विचाराल तर दोन औषधं पुरेशा डोसनं, पुरेसा काळ घेऊनही फरक नाही तर पुढचे पर्याय आज आहेत, लिथियमची जोड आहे, टीएमएस आहे ज्याला अमेरिकेत २००८ पासून मान्यता आहे, आणि ईसीटी आहे. शॉक म्हटलं की लोक दचकतात पण आज भूल देऊन, स्नायू सैल करून देतात, आणि तीव्र डिप्रेशनमध्ये त्याच्याइतकं गुणकारी अजून काही नाही. काही काळ विसरायला होतं हे खरं, ते आधी सांगूनच देतात.

प्रोबवाला_मिरज :
डॉक्टर, फार आभार. ईसीटीबद्दल घरात बोललो होतो, काकू नको म्हणाली. तुमचा मेसेज तिला वाचून दाखवतो.

टेक_सांगली :
एक वेगळा मुद्दा. बाहेरच्या साइटवर अल्ट्रासाऊंडचे हेडबँड दिसतायत, ध्यान लागतं मूड सुधारतो वगैरे. आणि फिजिओथेरपीवाले गुडघ्याला शेक देतात ते पण अल्ट्रासाऊंडच ना, तसं छोटं मशीन चार-पाच हजारात मिळतं. ताकद कमी करून कपाळाला लावून बघितलं तर काय हरकत आहे? मी इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, फ्रिक्वेन्सी बदलणं मला जमेल.

प्रोबवाला_मिरज :
कृपा करून लावू नका. हे मी मेकॅनिक म्हणून सांगतो, अगदी कळकळीनं. शेकाचं मशीन १ किंवा ३ मेगाहर्ट्झवर चालतं आणि ते मुद्दाम तापवायलाच बनवलेलं असतं. हाड आवाज शोषतं आणि तापतं, म्हणून फिजिओथेरपिस्ट प्रोब सतत फिरवत ठेवतात, एका जागी धरला तर गुडघ्यालासुद्धा हाडात कळ येते. कपाळावर धरला तर खाली लगेच हाड आणि हाडाखाली मेंदू, मेंदूच्या पेशीला चटका बसला तरी दुखत नाही, तुम्हाला कळणारच नाही. क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी पण सर्किट बदलून बदलत नाही, ती त्याच्या जाडीवर ठरलेली असते, जबरदस्तीनं चालवला तर सगळी पॉवर उष्णतेत जाते. आणि समजा लहर आत गेलीच तर कुठं गेली हे कशावर बघणार?

वाळव्याचा_पोरगा :
+१. या क्षेत्रातल्या संशोधकांनी एकत्र बसून सुरक्षेची मर्यादा ठरवलीय, मेंदूत किंवा हाडात तापमान २ अंशांपेक्षा जास्त चढू नये आणि दाबाचा निर्देशांक १.९ च्या वर जाऊ नये, त्यावर गेलं तर बुडबुडे तयार होऊन पेशी फाटायचा धोका. हे आकडे पाळण्यासाठी आधी त्या माणसाच्या कवटीचा हिशोब लागतो. घरी बसून नाही होत हे.

टेक_सांगली :
समजलं, नाही करत. क्रिस्टलच्या जाडीचं माहीत नव्हतं.

कोरेगावकर :
सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडं गर्भलिंग तपासणी रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा आलाच. अशी मशीन आली तर ती पण त्या कायद्यात का?

वकीलसाहेब_सातारा :
१९९४ च्या त्या कायद्याचा रोख गर्भाचं लिंग ओळखू शकेल अशा यंत्रांवर आहे. मेंदूवर लहर सोडणारं हेल्मेट चित्रच काढत नाही. मला वाटतं या धाग्यावर दुसरा कायदा जास्त लागू पडतो, मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७. त्यात भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी करायला बंदी आहे, आणि मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर पेशंटची समजून उमजून दिलेली संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी दोन्ही लागतात. कोरियातल्यासारखं जाळण्याचं काम इथं कुणी करतो म्हणालं तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला पाहिजे. संशोधनाबद्दलही त्यात तरतूद आहे, आधी सगळं समजावून संमती, आणि ती संमती पेशंट केव्हाही मागे घेऊ शकतो. मागे घेतली म्हणून त्याचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

सातारची_आई :
वकीलसाहेब हे विचारायलाच आले होते. आमच्या ओळखीत एकांना एका मोठ्या शहरातल्या सेंटरवरून फोन आला, नाव नको, की 'परदेशी तंत्रज्ञान, ध्वनिलहरींनी ओसीडी मुळापासून बरा, ट्रायल चालू आहे, सीट मर्यादित' आणि पॅकेज लाखाच्या पुढं. ते घर गहाण टाकायच्या विचारात आहेत कारण मुलगी फार त्रासात आहे. मी त्यांना काय सांगू? मी स्वतः त्या जागी होते दादा, मुलाचा हात धरून कुठंही जाईन अशी वेळ होती माझी, त्यामुळं नुसतं जाऊ नका म्हणून ते ऐकणार नाहीत.

वकीलसाहेब_सातारा :
ताई, त्यांना एकच विचारायला सांगा, 'ट्रायल आहे तर सीटीआरआय नंबर द्या'. भारतात कुठलीही क्लिनिकल ट्रायल आयसीएमआरच्या सीटीआरआय या नोंदवहीत घालावी लागते, २००९ पासून सक्तीचं आहे, आणि ती वेबसाइट कुणालाही फुकट उघडून बघता येते. नंबर टाकला की कुठलं हॉस्पिटल, कोण जबाबदार डॉक्टर, कुठली एथिक्स कमिटी सगळं दिसतं. नंबर नाही, तर ट्रायल नाही. नवीन उपकरणाची चाचणी असेल तर औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या सीडीएससीओची परवानगी पण लागते, तिची प्रत मागा. आणि ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं ट्रायल करणाऱ्यावर असतं, ते संमतीपत्रात लिहिलेलं असलं पाहिजे. जिथं यातलं काही दाखवत नाहीत आणि उलट तुमच्याकडूनच लाख रुपये मागतात तिथं घर गहाण टाकायचं नाही.

डॉ_ओपीडी :
आणि त्या मुलीची ईआरपी थेरपी नीट झालीय का तेही विचारा ताई. ज्या गोष्टीची भीती वाटते तिला थोडं थोडं सामोरं जायचं आणि धुणं-तपासणं रोखून धरायचं, प्रशिक्षित माणसासोबत. ओसीडीत गोळ्यांचा डोस डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो आणि परिणाम दिसायला दहा-बारा आठवडे जातात, कित्येक जण त्याआधीच सोडतात आणि म्हणतात औषध लागू पडलं नाही.

सातारची_आई :
त्यांना आत्ताच फोन केला. सीटीआरआयचं लिहून घेतलंय त्यांनी. ईआरपी झालेलीच नाही म्हणाल्या, फक्त गोळ्या चालू होत्या आणि त्याही दोन महिन्यांत बदलल्या.

एक_वाचक :
मी फक्त वाचत होतो. माझ्या बायकोला डिप्रेशन आहे. तुम्ही सगळे ट्रायल, पेपर बोलताय ते ठीक आहे, पण हे सगळं इथं यायला दहा वर्षं लागतील. ती काल म्हणाली माझ्यावर आता खर्च करू नका. मला पुढं काही दिसत नाही.

डॉ_ओपीडी :
दादा, 'खर्च करू नका' हे वाक्य मी गंभीरपणे घेते, तुम्हीही घ्या. तिला आज सरळ विचारा, जीव नकोसा वाटतो का, मरणाचे विचार येतात का. विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटं ठेवू नका, घरातली औषधं, फवारणीची औषधं कुलपात ठेवा. तिच्या डॉक्टरांना सकाळची वाट न बघता फोन करा, नाही लागला तर १४४१६ टेलिमानस, चोवीस तास, मराठीतून बोलतात, पैसे पडत नाहीत. विचार पक्का वाटला तर थेट जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा. दहा वर्षांनंतरच्या यंत्राची गरज नाहीये, अशा अवस्थेतून आज आहे त्या उपचारांनी माणसं बाहेर येताना मी रोज बघते. मला मेसेज करा, मी जागी आहे.

द्राक्षबाग_तासगाव :
दादा तुम्ही सांगलीतच असला तर सांगा, मी गाडी घेऊन येतो. रात्रीबेरात्री कदीबी.

एक_वाचक :
विचारलं. हो म्हणाली. डॉक्टरांशी बोलणं झालं, आत्ता निघतोय. मेव्हणा सोबत आहे. काका, आभार.

प्रोबवाला_मिरज :
दादा, जमेल तेव्हा दोन शब्द टाका, नाही टाकले तरी चालेल.

बाकीच्यांसाठी, वर आलेलं सगळं धाग्यात विखुरलंय आणि ज्यांना खरी गरज आहे ते एवढं लांब वाचणार नाहीत. साताऱ्याच्या ताईंच्या ओळखीच्यांना आला तसा फोन अजून कुणाकुणाला येणार हे नक्की. म्हणून एक पानी मराठी पत्रक करूया असं मनात आहे, ट्रायल म्हणून बोलावलं तर काय विचारायचं, खरं अल्ट्रासाऊंड आणि शेकाचं मशीन यात फरक काय, चालू गोळ्यांचं काय करायचं, आणि १४४१६. यंत्राचा भाग मी लिहितो. संमती आणि सीटीआरआयचा भाग वकीलसाहेब तुम्ही घ्याल का? माझ्याकडच्या सोनोग्राफी सेंटरवाल्यांना विचारतो, वेटिंगमध्ये लावू देतील बहुतेक, तिथं पेशंट तासभर बसलेलेच असतात.

वकीलसाहेब_सातारा :
घेतो. संमती मागे घेण्याचा हक्क पहिल्याच ओळीत टाकूया.

निवृत्त_गुरुजी_कराड :
मसुदा झाला की मला पाठवा, शुद्धलेखन आणि सोपं करण्याचं काम माझ्याकडे. सातवी शिकलेल्या माणसाला एका वाचनात कळलं पाहिजे.

डॉ_ओपीडी :
औषधांचा परिच्छेद मी देते. आणि गुरुजी, ईसीटीबद्दल दोन ओळी त्यात असू द्या, लोक त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात.